रस्ता अडवणाऱ्यांचा न्याय

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात एक चित्रफीत अधूनमधून हटकून येते. पिवळी जर्सी, डोक्यावर हेल्मेट, पायात सायकलचे ते खालून टणक असलेले बूट आणि सायकलचा पत्ताच नाही! माणूस डोंगराच्या रस्त्यावरून वरच्या दिशेने पळत सुटलाय. खाली हसून हसून डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मागच्या खेपेला धाकट्या पुतण्याने (हा स्वतः दर रविवारी सायकलवर सिंहगड चढतो, म्हणजे अगदीच अडाणी नव्हे) वर एक वाक्यही जोडलं, "काका, ह्याला खरं तर बादच करायला हवं होतं. उलट गेलेली वेळ परत दिली!"

मित्रहो, हे मत मी गेली कित्येक वर्षं निरनिराळ्या तोंडून ऐकतो आहे आणि दर वेळी पित्त खवळतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. ज्यांना सायकल शर्यतीत रस नाही (आमच्या सौ. त्यात पहिल्या) त्यांनीही वाचायला हरकत नाही. कारण हा प्रश्न सायकलचा कमी आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचा जास्त आहे.

आधी झालं काय ते. १४ जुलै २०१६. टूर द फ्रान्सचा बारावा टप्पा, माँपेलिएहून माँ व्हाँतू ह्या पर्वतावर. व्हाँतू हा प्रोव्हांस प्रांतातला १९०० मीटरहून उंच, माथ्यावर झाड ना झुडूप असा बोडका डोंगर. माथ्यावर त्या दिवशी वारा इतका भयंकर होता की आयोजकांनी आदल्या दिवशीच टप्पा सहा किलोमीटरने तोडला आणि अंतिम रेषा खाली शाले रेनार ह्या ठिकाणी आणली. त्यात १४ जुलै म्हणजे फ्रान्सची राष्ट्रीय सुट्टी. जी गर्दी माथ्यापर्यंत पसरली असती ती सगळी खालच्या जंगलातल्या रस्त्यावर दाटली. शेवटच्या किलोमीटरच्या आसपास, जिथे पुढचा प्रकार घडला, तिथे कठडे नव्हते.

पुढे चाललेल्या टोळीतला बेल्जियमचा थॉमस दे गेंट टप्पा जिंकून मोकळा झाला होता. मागून मुख्य दावेदारांपैकी तिघेजण बाकीच्यांना सोडून निघाले : रिची पोर्ट, बाउके मोलेमा आणि पिवळ्या जर्सीतला क्रिस फ्रूम. त्यांच्यापुढे टीव्हीच्या कॅमेऱ्याची मोटरसायकल. गर्दीने रस्ता इतका आवळला की ती मोटरसायकल जागच्या जागी थांबली. पोर्ट तिच्यावर आदळला, त्याच्यावर बाकीचे दोघे. मागून आलेल्या दुसऱ्या मोटरसायकलने फ्रूमच्या सायकलचा निकाल लावला. संघाची गाडी त्या गर्दीत मागे कुठेतरी अडकलेली. मोलेमा उठला आणि गेला. फ्रूमने क्षणभर इकडेतिकडे पाहिलं आणि पळायला लागला. मग त्याला सर्वांसाठी ठेवलेली मदतीची पिवळी सायकल मिळाली, तिचे पेडल त्याच्या बुटांना बसेनात. शेवटी संघाची सायकल आली आणि तो रेषेपाशी पोचला. मोलेमापेक्षा १ मिनिट ४० सेकंद उशिरा.

ह्या शर्यतीत तीन आठवड्यांची एकूण वेळ मोजतात, हे नवख्यांसाठी सांगतो. ज्याची वेळ सर्वांत कमी त्याच्या अंगावर पिवळी जर्सी. सकाळी फ्रूम इंग्लंडच्याच ॲडम येट्सच्या २८ सेकंद पुढे होता. घड्याळाप्रमाणे हिशेब केल्यावर पडद्यावर येट्स पहिला आणि फ्रूम ५३ सेकंद मागे, सहावा, असं झळकलं. मग पंच बसले. त्यांनी फ्रूम आणि पोर्ट दोघांनाही मोलेमाची वेळ दिली. मोलेमा येट्सच्या १९ सेकंद आधी पोचला होता. २८ आणि १९ म्हणजे ४७. फ्रूम ४७ सेकंदांनी पुढे राहिला आणि पुढे ती टूर जिंकलाही.

आणि मग सुरू झाला तो गदारोळ. 'नियम म्हणजे नियम.' 'पडणं हा शर्यतीचा भागच आहे.' 'दुसरा कोणी लहान खेळाडू असता तर दिली असती का वेळ?' 'सायकल टाकून पळाला, बाद करा.' 'एवढ्या गर्दीतच तर खरी मजा आहे, तुम्हाला काय कळणार!'

पहिल्यांदा त्या पळण्याविषयी. लोकांना त्यात विनोद दिसतो, मला दिसत नाही. साठ-सत्तर किलोचं हाडाडं शरीर, दीडशे किलोमीटरहून जास्त अंतर कापून आलेलं, वर डोंगर, खाली मोडकी सायकल, मागची गाडी येण्याचं चिन्ह नाही. उभं राहून कपाळाला हात लावणं हा एक मार्ग होता. त्याने पाय होते तेवढे वापरले. अंतिम रेषा त्याने सायकलवर बसूनच ओलांडली, पंचांनी त्याला दंड केला नाही, विषय संपला.

ह्या संदर्भात काही जाणकार १९१३ सालच्या यूजीन क्रिस्तोफचं उदाहरण तोंडावर फेकतात. पिरेनीज पर्वतात तूरमाले घाट उतरताना त्याच्या सायकलचा पुढचा फोर्क मोडला. बाहेरची मदत घ्यायची नाही असा नियम. गडी सायकल खांद्यावर घेऊन दहा किलोमीटरहून जास्त चालला, खालच्या गावातल्या लोहाराच्या भट्टीत स्वतःच्या हाताने फोर्क जोडला. पंच शेजारी उभे. भाता मात्र एका पोराने हलवला, म्हणून दहा मिनिटांचा दंड! (पुढे तो तीन मिनिटांवर आणला.) 'बघा, तेव्हा कसे नियम पाळत' असं म्हणायला हे उदाहरण देतात. अहो, पण शंभर वर्षं ही गोष्ट लोक सांगतात ती कोणाच्या कौतुकाने? क्रिस्तोफच्या. भात्याचा हिशेब करणाऱ्या पंचांचं नाव कोणाला ठाऊक आहे?

आता 'पडणं हा शर्यतीचा भाग.' कबूल. पंक्चर होणं शर्यतीचा भाग. पावसात वळणावर घसरणं शर्यतीचा भाग. वारा तर आहेच आहे. आदल्याच दिवशी माँपेलिएच्या वाटेवर आडव्या वाऱ्याचा फायदा उठवून फ्रूमने इतरांवर काही सेकंद कमावले होते आणि त्याबद्दल कोणी तक्रार करू नये. पण रस्त्यात उभा असलेला माणूस म्हणजे वारा नव्हे. त्याला डोळे आहेत, पाय आहेत, बाजूला होता येतं. त्याने न होणं ह्याला निसर्गाच्या खाती कसं टाकता?

मी पस्तीस वर्षं शाळेत होतो, त्यातली निम्मी क्रीडादिनाला शिट्टी गळ्यात अडकवून. एका वर्षी मुलींच्या आठशे मीटरच्या शर्यतीत शेवटच्या वळणावर पालक दोरी ओलांडून आत आले. कोणाच्या हातात कॅमेरा, कोणी 'पळ पळ' करत मुलीच्या बरोबरीने धावतंय. एक मुलगी एका गृहस्थांच्या पायात अडकून पडली. मी निकाल थांबवला तेव्हा सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडलं असेल? तेच गृहस्थ! 'सर, पडणं हा खेळाचा भाग असतो.' चोराच्या उलट्या बोंबा. दुसऱ्या दिवशी सकाळी, पालक यायच्या आत, पुढे असलेल्या तिघींना मी पुन्हा पळवलं. कोण जिंकलं ते सांगत नाही, त्याच्याशी इथे कर्तव्य नाही.

माझं भांडण नेमकं ह्या वृत्तीशी आहे. रस्ताही आम्हीच अडवणार आणि अडवल्यावर जे घडेल ते 'जसं घडलं तसं' ग्राह्य धरा असा निवाडाही आम्हीच देणार!

नियमवाल्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो दडवणं बरोबर नाही. सपाट टप्प्यावर शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये कोणी पडला तर त्याला त्याच्या टोळीची वेळ मिळते, पण शेवट डोंगरावर असेल तर ही सवलत लागू नाही. म्हणजे कलमाच्या अक्षरावर बोट ठेवलं तर फ्रूमला काही मिळायला नको होतं. पण हे कलम ज्या अपघातांसाठी आहे त्यात बंद झालेला रस्ता बसतो का? डोंगरावर जो तो आपापल्या दमाने चढतो, पडला तर त्याचा तो, हा त्यामागचा विचार. इथे दमाचा संबंधच उरला नव्हता. असाधारण परिस्थितीत निर्णय घ्यायची मुभा पंचांना असते, ती त्यांनी वापरली. आणि वापरलीही फार जपून! तिघे एकत्र होते, तिघे एकत्र पडले, त्यातला एक लगेच उठून गेला. म्हणजे मोजपट्टी हाताशी होती. त्याच्यापेक्षा एक सेकंद जास्त त्यांनी कोणाला दिला नाही. ह्याला मेहेरबानी म्हणत असाल तर मग हिशेब कशाला म्हणतात?

अशी मोजपट्टी दर वेळी मिळत नाही. २०२३ साली झू प्लान घाटात माथ्याजवळ पोगाचारने जोर लावला आणि पुढे मोटरसायकली आडव्या. त्याला थांबावं लागलं. न झालेल्या चढाईचे सेकंद मोजणार कसे? ते त्याला मिळाले नाहीत, पुढच्या दिवशी त्या मोटरसायकलींना तेवढं घरी बसवलं.

खरा बोचणारा प्रश्न विचारला तो मोलेमाने. मी एकटाच पडलो असतो तर मला दिली असती का हो वेळ, असा त्याच्या बोलण्याचा तिरकस सूर होता. ह्यावर माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. पिवळ्या जर्सीसाठी पंच जितक्या तातडीने बसतात तितके विसाव्या क्रमांकासाठी बसत नसतील, हा संशय रास्त आहे. पण त्याचा उपाय विसाव्यालाही न्याय देणं हा आहे. पहिल्याचाही काढून घेणं हा कसा?

आता 'गर्दीतच मजा' ह्याविषयी. ही मजा मला कळत नाही असं समजू नका. मुंबई-पुणे सायकल शर्यत मी बोर घाटात कडेला उभं राहून पाहिली आहे. 'घाटाचा राजा' कोण होणार म्हणून आम्ही घसा बसेपर्यंत ओरडलो आहोत. तिकीट नाही, आसन क्रमांक नाही, खेळाडू हाताच्या अंतरावरून जातो, त्याचा श्वास ऐकू येतो. असा खेळ दुसरा कुठला आहे? म्हणूनच हे हाताचं अंतर त्याचं आहे, आपलं नाही, एवढं कळायला नको? चढावर सायकलचा वेग कमी असतो, तोल नाजूक असतो, हँडलला बोट लागलं तरी पुरे.

आणि 'हल्लीचे प्रेक्षक बिघडले' असं म्हातारपणीचं रडगाणंही मी गाणार नाही. १९७५ साली प्युई द डोम डोंगरावर एका प्रेक्षकाने एडी मर्क्सच्या पोटात गुद्दा मारला होता, पाच वेळा टूर जिंकलेल्या माणसाच्या. २०१५ साली ह्याच फ्रूमच्या अंगावर कोणीतरी लघवीने भरलेला पेला फेकला. २०१८ साली आल्प द्युएझच्या चढावर, नळकांड्यांच्या धुरात, निबाली एका प्रेक्षकाच्या कॅमेऱ्याच्या पट्ट्यात अडकून पडला. तशाच अवस्थेत वरपर्यंत गेला आणि मणक्याचं हाड मोडल्याचं कळल्यावर शर्यत सोडून घरी. त्या दिवशीचा विजेता गेरेंट थॉमस मंचावर आला तेव्हा लोकांनी त्याची हुर्यो उडवली! २०२१ साली पहिल्याच टप्प्यावर एका बाईंनी आजी-आजोबांना नमस्कार लिहिलेला फलक कॅमेऱ्याकडे धरला, पाठ सायकलस्वारांकडे. निम्मी टोळी आडवी झाली. न्यायालयाने १२०० युरो दंड केला. (मी स्वतः आजोबा आहे. नातवंडांनी फोन करावा, फलक नको.)

ह्या फलकाच्या गोष्टीत एक मेख आहे, ती म्हणजे कॅमेरा. व्हाँतूवरची ती मोटरसायकल इतक्या पुढे, इतक्या जवळ का होती? घरी बसलेल्यांना फ्रूमच्या कपाळावरचा घाम दिसावा म्हणून. तेव्हा सोफ्यावर बसून 'आयोजकांची चूक' म्हणणाऱ्यांनीही जरा सबुरीने. आयोजकांची चूक होतीच. शेवट खाली आणलात, मग कठडेही तितकेच खाली लावायला हवे होते. पण सगळाच घाट पत्र्याने बंद करा ही जी मागणी दर वेळी होते तिला माझा सक्त विरोध आहे. तसं झालं तर उरेल काय? शेवटचे काही किलोमीटर कठडे, मोटरसायकली कमी आणि लांब, बाकी रस्ता उघडा. एवढं पुरे.

त्याच १४ जुलैच्या रात्री नीस शहरात सुट्टीची आतषबाजी पाहायला जमलेल्या लोकांवर एकाने ट्रक घातला. ८६ माणसं गेली. दुसऱ्या दिवशी शर्यत झाली, पण मंचावर ना जल्लोष ना संगीत, सगळे मान खाली घालून उभे. सेकंदांचा वाद त्या दिवशी कोणाच्या तोंडी नव्हता. नंतर पुन्हा सुरू झाला, तो अजून चालूच आहे.

ॲडम येट्सविषयी सांगायचं राहिलं. ह्या निर्णयाने नुकसान झालं असेल तर ते त्याचं. पहिल्यांदाच पिवळी जर्सी मिळत होती, ती तासाभरात गेली. त्याला विचारलं तर तो म्हणाला की अशा रीतीने ती मला नकोच होती. त्याला हे सहज सुचलं असणार. सहाच दिवस आधी, ८ जुलैला, तो सर्वांच्या पुढे निघालेला असताना शेवटच्या किलोमीटरची हवा भरलेली कमान एका प्रेक्षकामुळे चुकून हवा निघून थेट त्याच्या अंगावर कोसळली होती. हनुवटी फुटली, टाके पडले. पंचांनी तेव्हा तीन किलोमीटर आधीची वेळ धरून त्याचे सात सेकंद त्याला दिले होते. त्यावर कोणी 'नियम म्हणजे नियम' म्हणून गळा काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पॅरिसला येट्स एकूण चौथा आला आणि तरुणांसाठीची पांढरी जर्सी घेऊन घरी गेला.