षटकार बसला कोणाला?

इंग्रजी वाक्प्रचारांची गाइडं बाजारात ढिगाने मिळतात. स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजी पेपरात त्यांवर प्रश्न येतात, म्हणून मुलं डावीकडचा वाक्प्रचार आणि उजवीकडचा अर्थ घोकून काढतात. मार्क पडतातही. बोलायची वेळ आली की मात्र तोंडाला कुलूप लागतं, नाहीतर शब्द भलत्याच जागी पडतो. यात मुलांचा दोष नाही. कोण बोलतं, कोणापाशी, कुठल्या सुरात, हे त्या दोन रकान्यांत कुठेच नसतं.

क्रिकेटचंच बघा. इंग्लंडच्या मैदानांवरून रोजच्या इंग्रजीत कितीतरी शब्दप्रयोग आले, आणि हा खेळ तर आपल्या पोरांच्या अंगात भिनलेला. 'नॉक्ड फॉर सिक्स' घ्या. आपल्याकडे षटकार ठोकला म्हणजे शाबासकी. इंग्रज मात्र बोलतो ते ज्याला षटकार बसला त्याच्या बाजूने. नोकरी गेली, घरातलं माणूस अचानक गेलं, तापाने अंथरुणाला खिळवलं, की 'इट नॉक्ड मी फॉर सिक्स', म्हणजे मी पार कोलमडलो. स्वतःचं यश सांगायला हाच प्रयोग केला, तर ऐकणाऱ्याला नेमका उलटा अर्थ लागेल.

'ही हॅड अ गुड इनिंग्ज' आणखी नाजूक. नव्वदीचे आजोबा गेले की हे म्हणतात. आपल्या 'पिकलं पान गळालं'च्या जवळचं. तरण्या माणसाच्या घरी हे बोलणं म्हणजे जखमेवर मीठ. गाइडात अर्थ छापलेला असतो 'दीर्घायुष्य'. एवढ्यावर कोणी सांत्वनाला कसं जावं?

'ऑफ युअर ओन बॅट' म्हणजे कोणी न सांगता, आपणहून. अमेरिकेतला 'राइट ऑफ द बॅट' बेसबॉलचा, त्याचा अर्थ लगेच, सुरुवातीलाच. बॅटी दोन, खेळ दोन. खेळ सांगितला तर गोंधळ होतच नाही.

हॅट्ट्रिकची हकिकत तर प्रत्येक वर्गात सांगावी. 1858 साली शेफिल्डच्या हाइड पार्क मैदानावर एच. एच. स्टीफन्सनने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. लोकांनी वर्गणी काढून त्याला हॅट भेट दिली. आज आपण निवडणुकीतल्या सलग तिसऱ्या विजयालाही हॅट्ट्रिकच म्हणतो.

आणि 'स्टिकी विकेट'. पूर्वी खेळपट्ट्या झाकत नसत. पाऊस उघडून ऊन पडलं की वाळत आलेल्या चिकट मातीवर चेंडू कधी थबके, कधी अंगावर उसळे. फलंदाजाचे हाल. आता खेळपट्ट्या झाकतात, शब्दप्रयोग मात्र अडचणीत सापडलेल्या मंत्र्यांसाठी अजून चालतो. गावच्या मैदानावर पावसाच्या सरीनंतर खेळलेल्या पोराला तो पाठ करावा लागणार नाही. इंग्रजीच्या सरांनी, मॅडमनी पुढच्या तासाला तिथूनच सुरुवात करावी.