रेशनचं धान्य आणि जिनिव्हाचा हिशेब



१९७२-७३ मध्ये महागाईविरोधात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा मोर्चा कुणाच्या दारात न्यायचा हे पक्कं ठाऊक होतं. आज रेशनचा प्रश्न निघाला की आणखी एक दार दिसतं. ते जिनिव्हात आहे, जागतिक व्यापार संघटनेचं.

१९९५ पासून लागू असलेल्या शेती करारानुसार आपल्यासारख्या देशाने एखाद्या पिकाला दिलेला भावाचा आधार त्या पिकाच्या उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. गरिबांना स्वस्त धान्य द्यायला बंदी नाही. पण ते धान्य सरकार हमीभावाने खरेदी करतं, आणि मेख तिथे आहे. आजचा हमीभाव आणि १९८६-८८ सालचा भाव यांतला फरक अनुदान म्हणून मोजतात. महागाई कुठल्या कुठे गेली, तुलनेचा भाव मात्र तिथेच! उलट अमेरिकेतली फूड स्टँपची मदत या मर्यादेत धरलीच जात नाही.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली थोरली बाई रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख झाली, माणशी महिना ५ किलोचा हक्क आला. त्याच वर्षी डिसेंबरात बालीमध्ये तडजोड झाली : मर्यादा ओलांडली तरी तूर्त कुणी तक्रार करायची नाही. भारताने २०१८-१९ च्या तांदळासाठी या सवलतीचा आधार घेतला. कायमचा तोडगा २०२४ च्या अबुधाबी परिषदेतही निघाला नाही. शिवाय बालीची सवलत तेव्हा चालू असलेल्या योजनांनाच आहे. उद्या आपण हमीभावाने डाळी घेऊन रेशनवर द्या म्हटलं, तर 'नियमात बसत नाही' असं उत्तर येऊ शकतं.

म्हणून सरकारला मोकळं सोडावं, असं मला मुळीच वाटत नाही. १९९७ मध्ये दारिद्र्यरेषा आखून रेशनचे तुकडे केले ते आपल्याच सरकारने. अंगठा जुळत नाही म्हणून म्हातारीला परत पाठवा, असंही त्या करारात कुठे लिहिलेलं नाही. तेव्हा यापुढे कुणी जिनिव्हाकडे बोट दाखवलं, तर विचारू या : कुठलं कलम? किती टक्के? आणि तिथे आमच्या वतीने तुम्ही काय बोललात? आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या.