मूर्तीला कागद मागितला नाही, मग आपल्याला का?

साथींनो,

मलकापूर-कराडकडची आपली माणसं मोर्चाला, तारखेला कोल्हापूरला जातातच. तिथं सीपीआर दवाखान्याजवळ टाऊन हॉल आहे. १८७२ ते १८७६ मध्ये, इंग्रजी अमदानीत बांधलेली ही इमारत. आता तिथं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. एकदा आत जाऊन बघा.

पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ ला उत्खनन झालं. तिथं मिळालेली पोसायडन या परदेशी समुद्रदेवाची छोटी काशाची मूर्ती इथं आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोल्हापूरचा रोमशी व्यापार होता, हे तिच्यावरनं ठरलं. त्या मूर्तीजवळ ना सातबारा होता, ना पावती. वस्तू कुठं मिळाली, कुठल्या थरात, सोबत काय होतं, हे बघून जाणत्यांनी काळ ठरवला.

आणि आपण वनहक्काचा दावा टाकला की पहिला सवाल काय? "कागद कुठाय?"

हा दुजाभाव आपण का सोसायचा? कायदाही तसं सांगत नाही. वनहक्क नियम, २००८ मधला नियम १३ वाचा. घर, झोपडी, सपाट केलेली जमीन, बांध, जुनी विहीर, दफनभूमी, देवाची जागा हे सगळं पुरावा आहे. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा आहे. एकच ठराविक कागद आणा असा हट्ट धरता येत नाही, हे २०१२ च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलंय.

आदिवासींना १३ डिसेंबर २००५ आधीचा ताबा दाखवायचा आहे. इतर पारंपरिक वननिवासींना मात्र त्याआधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते. त्यांना तर जुनी जोती, जुने बांध लाखमोलाचे.

म्हणून माझं म्हणणं असं. वनहक्क समितीनं म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन शिवार फिरावं. कुठली विहीर कोणी खणली, कुठला बांध कोणाच्या आज्यानं घातला, ते तिथंच लिहून घ्यावं, नकाशात दाखवावं, ग्रामसभेत वाचावं. नियमात गॅझेटिअरचंही नाव आहे. साताऱ्याचं १८८५ चं गॅझेटिअर काढा. तेव्हा शिराळाही साताऱ्यातच होता. आपला गाव, आपली जमात त्यात आली असेल तर ते पान दाव्याला जोडा.

म्हातारी माणसं आहेत तोवर हे उरका. ती गेली की जबाब कोण देणार?

जिंदाबाद!