रोटरीला इंजेक्शन द्यावं का?

परवा कँटीनमध्ये चहा गार होईपर्यंत वाद चालला. विषय क्रिकेट नाही, प्लेसमेंटही नाही. विषय होता माझदाची पहिली आरएक्स-7. 1978 ते 1985 या काळात बनलेली, झाकणं उघडून वर येणाऱ्या हेडलाइट्सची, रोटरी इंजिनची छोटी जपानी स्पोर्ट्स कार. आपल्यापैकी बहुतेकांची तिच्याशी ओळख कंप्युटर गेममधली. पण अमेरिकेत नि ऑस्ट्रेलियात हौशी लोकांनी अशा गाड्या अजून जपल्यात, आणि त्यांच्यापुढे एक कायमचा प्रश्न असतो: मूळ कार्ब्युरेटर ठेवायचा, की काढून फ्युएल इंजेक्शन बसवायचं?

एक पार्टी म्हणत होती, कार्ब्युरेटर म्हणजे भंगार, फेका. दुसरी म्हणाली, हे म्हणजे जुन्या वाड्याला अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावण्यासारखं झालं. माझं मत दोन्ही पार्ट्यांना आवडलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

इंजेक्शन बसवावं. पण जो माणूस "कार्ब्युरेटर काढून त्या जागी इंजेक्शन" असं वाक्य बोलतो, त्याच्या हातात पाना देऊ नये!

कारण सांगते. आधी इंजिन. फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाची ही कल्पना, एनएसयू कंपनीत 1957 साली पहिलं इंजिन चाललं, आणि 1961 मध्ये माझदाने (तेव्हाची तोयो कोग्यो) लायसन्स घेतलं. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. फुगीर त्रिकोणासारखा रोटर एका वेगळ्याच आकाराच्या पोकळीत फिरतो. त्याच्या तीन टोकांवर तीन पट्ट्या असतात, त्यांना अपेक्स सील म्हणतात. पिस्टन रिंगचं काम या करतात, आणि रोटरीचा जीव यांच्यात अडकलेला असतो. माझदाच्या इंजिनिअर्सनी सुरुवातीला सगळ्यात जास्त डोकं खपवलं ते याच सीलवर, कारण ती थरथरत जायची आणि हाउसिंगच्या आतल्या पृष्ठभागावर ओरखडे पडायचे. त्या ओरखड्यांना त्यांनी नाव दिलं होतं सैतानाच्या नखांच्या खुणा. नाव ठेवावं तर असं!

पहिल्या आरएक्स-7 मध्ये 12ए इंजिन होतं. 573 सीसीचे दोन रोटर, एकूण 1146 सीसी. वर चार नळ्यांचा निक्की कार्ब्युरेटर.

आता मुख्य मुद्दा. हा कार्ब्युरेटर फक्त पेट्रोल-हवा मिसळत नाही. तो तेलही पोचवतो. अपेक्स सील हाउसिंगवर सतत घासत असतात, तिथे वंगण लागतंच. म्हणून इंजिनवर एक छोटा मीटरिंग पंप असतो, तो इंजिन ऑइल थोडं थोडं खेचतो आणि बारीक नळ्यांमधून कुठे सोडतो? कार्ब्युरेटरमध्ये. तिथून ते पेट्रोलबरोबर आत जातं आणि जळून जातं. म्हणजे रोटरी थोडं ऑइल "पिते" हा बिघाड नाहीये, ते तिचं जेवण आहे.

आता तुम्ही कार्ब्युरेटर उचलून बाजूला ठेवला. तेलाच्या नळ्या लोंबकळत राहिल्या. कोणीतरी त्यांना बुच मारलं, इंजिन सुरू झालं, मस्त आवाज आला, फोटो काढले. त्या क्षणापासून सील कोरडे घासतायत. लगेच काही कळणार नाही, हेच वाईट. कळेल तेव्हा कॉम्प्रेशन गेलेलं असेल. उपाय अवघड नाही. एक तर त्या नळ्यांना मॅनिफोल्डमध्ये नवी वाट करून द्यायची, नाहीतर टाकीतच टू-स्ट्रोक ऑइल घालायचं, लिटरमागे साधारण 8 मिली. आपल्या आईबाबांच्या पिढीला हे शिकवायला नको. पेट्रोल पंपावर चेतक उभी करून "2टी टाका" म्हणायची सवय त्यांच्या हाडात आहे.

दुसरी गोष्ट, दाब. कार्ब्युरेटरला पेट्रोल जेमतेम 3-4 पीएसआयने पुरतं, कारण त्याच्याकडे फ्लोटची वाटी असते. थोडा साठा तिथे असतो, पंपाला क्षणभर हवा लागली तरी इंजिनला पत्ता लागत नाही. इंजेक्टरला 40 पीएसआयच्या आसपास दाब लागतो, आणि तोही अखंड. जुन्या टाकीत पेट्रोल अर्ध्याखाली असताना जोरात वळण घेतलं, पेट्रोल एका बाजूला गेलं, पंपाने हवा ओढली, की दाब पडला. दाब पडला की मिश्रण लीन. लीन मिश्रणावर पूर्ण थ्रॉटल दिलं की नॉकिंग. पिस्टनचं इंजिन थोडं नॉकिंग सहन करतं. रोटरीत अपेक्स सीलचा तुकडा उडतो आणि तो तुकडा हाउसिंग खरवडत एक्झॉस्टमधून बाहेर पडतो. म्हणून नवा पंप, जास्त दाबाच्या लाइन्स, टाकीकडे परतीची लाइन, आणि मध्ये एक छोटी सर्ज टँक, हे सगळं आधी. ईसीयू नंतर. आपल्याकडे उलटं होतं: ईसीयू आधी ऑर्डर करतात, कारण तो दाखवायला बरा असतो.

ईसीयूची एक गंमत मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेत ब्रूस बॉलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी मेगास्क्वर्ट नावाचा, स्वतः सोल्डर करून बनवायचा इंजेक्शन कंट्रोलर काढला आणि घरच्या गॅरेजमधल्या लोकांना हे काम परवडायला लागलं. पण त्याला रोटर म्हणजे काय हे कसं सांगायचं? रोटर एकदा फिरतो तेव्हा शाफ्ट तीनदा फिरतो, आणि शाफ्टच्या दर फेरीला प्रत्येक रोटर एक स्फोट देतो. दोन रोटर, म्हणजे फेरीला दोन स्फोट. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिनही नेमके तेवढेच देतं. झालं! त्याला सरळ थाप मारायची की बाबा रे, हे चार सिलिंडरचं इंजिन आहे. तो बिचारा विश्वास ठेवतो.

इंजेक्टर केवढा लागेल याचा अंदाज वहीतच निघतो. समजा 100 हॉर्सपॉवर, आणि रोटरी खादाड असल्यामुळे दर हॉर्सपॉवरला ताशी 270 ग्रॅम पेट्रोल धरा. ताशी 27 किलो, म्हणजे साधारण 37 लिटर, मिनिटाला 610 सीसीच्या जवळपास. दोन इंजेक्टर, 80 टक्के ड्यूटीवर, म्हणजे प्रत्येकी 380 सीसीचा हवा. हे न करता हाताला लागेल तो इंजेक्टर लावणं म्हणजे नंबर न तपासता दुसऱ्याचा चष्मा घालणं.

मग एवढा खटाटोप कशाला, असं वाडेवाले विचारतील. कारण या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. कार्ब्युरेटर बसलाय तापलेल्या मॅनिफोल्डच्या वर. गाडी तापवून बंद केली की वाटीतलं पेट्रोल उकळायला लागतं, आणि दहा मिनिटांनी स्टार्ट करताना घाम निघतो. डेन्व्हरसारख्या 1600 मीटर उंचीवरच्या शहरात हवा विरळ, पण कार्ब्युरेटरचे जेट तेच, म्हणून मिश्रण रिच. इंजेक्शनला हवेचा दाब नि तापमान कळतं, ते स्वतः जुळवून घेतं. हा फायदा खरा आहे.

हॉर्सपॉवरचा फायदा मात्र मला फारसा मान्य नाही. लोक म्हणतात, अमेरिकेत कार्ब्युरेटरवाली 100 ची होती आणि 1984 ची इंजेक्शनवाली जीएसएल-एसई 135 ची, बघा 35 वाढले! अहो, पण तिच्यात 13बी इंजिन होतं, 1308 सीसीचं, चारऐवजी सहा इनटेक पोर्टचं. नुसत्या सीसीच्या प्रमाणातच 114 होतात. उरलेल्यातही पोर्टचा वाटा आहे. म्हणूनच 13बीचं मॅनिफोल्ड आणून 12एवर ठेवलं की झालं, असंही होत नाही. पोर्टची रचनाच जुळत नाही.

आणि मूळ रूप बिघडतं म्हणणाऱ्यांना एकच प्रश्न. जपानमध्ये खुद्द माझदानेच 12ए टर्बोला इंजेक्शन दिलं. मग बाटवलं कोणी?

अर्थात इंजेक्शनवाल्यांनीही फार खूश होऊ नये. पुढच्या पिढीची आरएक्स-7 इंजेक्शनचीच होती, आणि थंड इंजिन दोन मिनिटं चालवून बंद केलं की ती "फ्लड" व्हायची म्हणून बदनाम होती. गळके इंजेक्टर, भिजलेले प्लग. काही मालक पेट्रोल तोडायचं वेगळं बटण डॅशबोर्डवर लावायचे. म्हणजे एक दुखणं गेलं, दुसरं आलं. फरक इतकाच, की दुसरं लॅपटॉपवर दिसतं.

आपल्याकडे एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 आलं आणि नव्या मोटारसायकलींमधून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आपल्या लॅबमध्ये मात्र तो अजून आहे, अर्धा कापलेला, लाल-पिवळा रंगवलेला. आम्ही त्याची आकृती काढतो, व्हेंचुरीला बाण दाखवतो आणि दहा मार्क घेतो. तो कशाकशाची जबाबदारी घेऊन बसलाय हे कोणी विचारत नाही, कारण परीक्षेत येत नाही. 12एवरचा असता तर त्याच्या अंगावर आणखी दोन बारीक नळ्या दिसल्या असत्या. कँटीनमधल्या दोन्ही पार्ट्यांना मी त्याच विचारल्या होत्या. कार्ब्युरेटर फेकायला निघालेल्यांना त्या माहीत नव्हत्या, आणि वाचवायला निघालेल्यांनाही नाही. मग चहाचे पैसे कोणी द्यायचे यावर वाद सुरू झाला.