घरचा संगणक आणि दूरची मुले

दिवाळीच्या वहीपूजनात रोजमेळ आणि खतावणीच्या शेजारी संगणकालाही कुंकवाचे बोट लागू लागले, त्याला आता बरीच वर्षे झाली. पेढीवरच्या संगणकाकडे हिशेबनीस आणि करसल्लागार यांचे लक्ष असते; तो अडला की तासाभरात कोणीतरी धावून येते. घरच्या संगणकाचे तसे नाही. तो बहुधा मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला असतो. पुढे मुले पुण्याला, बेंगळुरूला किंवा परदेशी जातात आणि यंत्र आईवडिलांच्या वाट्याला येते. त्यावर वडील जुनी येणी पाहतात, मंदिराच्या न्यासाची पत्रे लिहितात; आई प्रवचने ऐकते, नातवंडांची छायाचित्रे पाहते. आणि मग एखाद्या रात्री फोन येतो, "अरे, आपला कॉम्प्युटर चालूच होईना झालाय."

मुले दूर असणे आपल्या समाजाला नवे नाही. १९०१ साली कोल्हापुरात दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले, तेव्हा खेड्यापाड्यांतली मुले आईवडिलांना सोडून या नगरीत शिकायला येत. आज या नगरीतली मुले बाहेर जातात. नवे आहे ते एवढेच, की आईवडिलांच्या रोजच्या व्यवहारातली एक वस्तू अशी आहे जिचे मर्म घरी राहिलेल्यांपेक्षा घर सोडून गेलेल्यांना अधिक ठाऊक आहे.

अशा फोनला मुलांचे उत्तर पुष्कळदा ठरलेले असते : "टाकून द्या तो डबा, मी नवा पाठवतो." यात माया आहे, औदार्यही आहे, पण उतावळेपणाही आहे. डबा एका दिवसात बदलता येतो. वडिलांनी दहा-पंधरा वर्षे बसवलेली कामाची घडी मात्र त्याच दिवशी विस्कटते, आणि जो माणूस स्वतःचे पत्र स्वतः लिहीत होता तो शेजारच्या मुलाची वाट पाहत बसतो. म्हणून यंत्र बदलायचे की दुरुस्त करायचे, हे ठरवण्यापूर्वी दोन गोष्टी सांभाळाव्यात : आतली माहिती आणि वडीलधाऱ्यांची सवय. मुनिजनांसाठी सांगितलेल्या पाच समितींमध्ये भाषा, आदाननिक्षेपण आणि उत्सर्ग या तीन आहेत. जपून बोलणे, वस्तू जपून उचलणे-ठेवणे आणि टाकायचे ते जपून टाकणे, हा त्यांचा ढोबळ अर्थ. गृहस्थाच्या या साध्या कामातही हे तिन्ही नियम उपयोगी पडतात.

फोनवर प्रथम जपावी ती भाषा. "तुम्ही काय दाबलंत?" असे विचारले की ज्येष्ठ माणूस आरोपीसारखा गप्प होतो आणि मग काय घडले ते नीट सांगत नाही. त्याऐवजी "डब्यावरचा दिवा लागतोय का? पंख्याचा आवाज येतोय का? पडद्यावरची अक्षरे जशीच्या तशी वाचून दाखवता का?" असे विचारावे. व्हिडिओ कॉलवर मोबाइलचा कॅमेरा संगणकाकडे वळवला की अर्धे निदान तिथेच होते. दिवाच लागत नसेल तर प्लग, एक्स्टेंशन बोर्ड आणि यूपीएसची बॅटरी आधी तपासावी. त्यानंतर शंका घ्यावी ती डब्यातल्या पॉवर सप्लायची. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा राहतो, अशा वेळी मॉनिटरची वायर सैल झालेली असू शकते किंवा रॅमची पट्टी नीट बसलेली नसते. कारागीर ती पट्टी काढतात, तिची टोके खोडरबराने पुसतात आणि पुन्हा बसवतात. तेवढ्यानेही पुष्कळ यंत्रे जागी होतात. बँकेचे किंवा जीएसटीचे संकेतस्थळ "जोडणी सुरक्षित नाही" म्हणून उघडेनासे झाले, तर आधी कोपऱ्यातली तारीख पाहायला सांगावे. ती काही वर्षे मागे गेली असेल तर दोष इंटरनेटचा नसून आतल्या नाण्याएवढ्या सेलचा असतो. बहुतेक टेबलावरच्या संगणकांत तो सीआर २०३२ या क्रमांकाचा असतो आणि अगदी थोड्या पैशांत मिळतो. मात्र डबा उघडायचा तो वीज पूर्ण तोडून, आणि शक्यतो जाणत्या कारागिराच्या हातूनच.

"फार हळू चालतो" ही दुसरी नेहमीची तक्रार. जुन्या यंत्रांत फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क असते. तिच्या जागी एसएसडी बसवली, तर बाकी सारे तेच ठेवूनही यंत्राचा वेग पुष्कळ वाढतो. पण जुनी डिस्क खटखट आवाज करू लागली असेल, तर संगणक पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. आधी आतली माहिती काढून घ्यावी, मग उपाय शोधावा.

नवे यंत्र घेण्याचे खरे कारण आज वेगळेच आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ तिने जाहीर केली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे चांगल्या चालत्या असलेल्या पुष्कळ यंत्रांना ती अधिकृतपणे घेता येत नाही. म्हणून प्रथम विचारावे : या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात का? विवरणपत्रे भरली जातात का? होत असतील, तर दुरुस्ती-मुदत संपलेल्या यंत्रावर ती कामे चालू ठेवणे शहाणपणाचे नाही. केवळ प्रवचने, छायाचित्रे आणि वाचन एवढाच वापर असेल, तर लिनक्ससारखी मोफत प्रणाली घालून जुने यंत्र आणखी काही वर्षे चालवता येते. टॅली मात्र विंडोजसाठीच बनलेली आहे, हे आधी ध्यानात घ्यावे.

आता माहितीविषयी. पूर्वी दौत फुटली तर बाजारातून दुसरी येई. वही भिजली तर पेढी हादरे. संगणक ही दौत आहे आणि आतली माहिती ही वही. कारागीर विचारतो, "फॉरमॅट मारू का?" आणि वडील विश्वासाने मान हलवतात. त्या एका होकारात डेस्कटॉपवरची पत्रे, सी ड्राइव्हमधले टॅलीचे फोल्डर आणि लग्नाची छायाचित्रे जाऊ शकतात. टॅलीची माहिती १०००० अशा आकडी नावाच्या फोल्डरांत असते. अनोळखी माणसाला तो कचराच वाटतो. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेबाच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात, तेव्हा हा प्रश्न केवळ आठवणींचा नाही. जुन्या टॅलीतली माहिती नव्या आवृत्तीत आणता येते, पण नव्यात रूपांतरित झालेली जुन्यात उघडत नाही. म्हणून रूपांतरापूर्वीची प्रत वेगळी ठेवावी.

मराठीत लिहिणाऱ्या वडिलांची आणखी एक अडचण मुलांच्या लक्षात येत नाही. श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा जुन्या साधनांतले पुष्कळसे लेखन युनिकोडमध्ये नसते. ते फॉन्ट नव्या यंत्रावर नसतील, तर न्यासाच्या वीस वर्षांच्या इतिवृत्तांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात आणि वडिलांना वाटते, सारे नष्ट झाले. नष्ट काहीच झालेले नसते. फॉन्ट तेवढे हवे असतात. जुन्या डब्यातून फॉन्ट आधी काढून घ्यावेत. मागे खोचलेले छोटे डोंगल आणि डिजिटल सहीचे टोकनही जपून ठेवावे. पुढे सवडीने महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा, आणि कळफलक मात्र वडिलांच्या बोटांना ज्याची सवय आहे तोच द्यावा.

माहितीची दुसरी प्रत कोठे ठेवावी, याचे उत्तर कोल्हापूरकरांना पंचगंगेने दिले आहे. राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. ज्या कपाटात पेन ड्राइव्ह, त्याच खोलीत संगणक, अशी व्यवस्था असेल तर पाणी दोन्ही नेते. येथे मुलांचे दूर असणेच कामी येते. दर सणाला घरी आल्यावर एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर सारी माहिती उतरवून घ्यावी आणि ती पुण्याला किंवा बेंगळुरूला आपल्यापाशी ठेवावी. तिसरी प्रत क्लाउडवर असू द्यावी. पावसाळ्यापूर्वी आईवडिलांनी डबा जमिनीवरून उचलून उंचावर ठेवावा. तो भिजलाच, तर वाळला असे वाटले तरी स्वतः चालू करून पाहू नये.

दुरून मदत करण्याची साधने आज सोपी आहेत. विंडोजमध्येच क्विक असिस्ट आहे. मदत करणाऱ्याने सांगितलेला संकेतांक आईवडिलांनी घालून संमती दिली, की त्यांचा पडदा आपल्याला दिसतो. पण ठगही हीच युक्ती वापरतात. दूरून मोबाइल हाताळता येणारे एनीडेस्क वापरून खात्यातले पैसे काढले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. म्हणून घरात एक नियम असावा : मदतीसाठी फोन आईवडिलांनी मुलाला करायचा, आणि आपणहून फोन करणाऱ्या कोणालाही, मग तो बँकेचे नाव सांगो की मायक्रोसॉफ्टचे, पडदा दाखवायचा नाही. "तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा" असे पडद्यावर दिसले, तर यंत्र सरळ बंद करावे. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर कळवावे. मुलांनीही अशा वेळी रागावू नये. रागाच्या धाकाने लपवलेला एक तास फार महाग पडतो.

नवे यंत्र घ्यायचेच ठरले, तर परक्या गावाहून मागवण्यापेक्षा आपल्या पेठेतला ओळखीचा दुकानदार बरा. स्वस्तातल्या थोड्या फरकापेक्षा अडचणीला घरी येणारा माणूस मोलाचा. जुना मॉनिटर, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर नव्या यंत्राला जोडता येतील का, हे आधी विचारावे. पेढीच्या नावे आणि पेढीच्याच कामासाठी घेतलेल्या संगणकावरील १८ टक्के कराची वजावट नियमाप्रमाणे मिळू शकते. घरच्या करमणुकीच्या यंत्राचे बिल पेढीच्या नावे फाडणे मात्र कायद्यातही बसत नाही आणि अचौर्य अणुव्रतातही नाही. यंत्र आल्यावर पडद्यावरची चिन्हे जुन्या जागी मांडावीत, अक्षरे मोठी करावीत आणि निदान पंधरा दिवस जुने यंत्र शेजारीच राहू द्यावे. काय राहून गेले, ते या पंधरा दिवसांतच कळते.

शेवटी टाकण्याविषयी. अपरिग्रहाचा विचार नवे घेताना जितका करायचा, तितकाच जुने सोडतानाही. चालते यंत्र गरजू विद्यार्थ्याला द्यायचे असेल तर डिस्क पूर्ण पुसून, सुरक्षित प्रणाली घालून द्यावे. आपल्याला नको झालेली कटकट म्हणजे दान नव्हे. निकामी यंत्र रस्त्यावरच्या भंगारात देऊ नये. तारा जाळून तांबे काढताना विषारी धूर निघतो, आणि तो माणसांसह कितीतरी जीवांच्या श्वासात जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच लागली पाहिजे. त्यांच्याकडे देण्यापूर्वी डिस्क काढून घ्यावी.

पर्युषणाला, दसलक्षणाला किंवा दिवाळीला घरी याल, तेव्हा एक दुपार यासाठी राखून ठेवा. संगणकाच्या नावाने एक छोटी वही घाला. खरेदीची तारीख, कारागिराचा क्रमांक, कोणते काम कोणत्या फोल्डरात आहे, प्रत शेवटी कधी घेतली, हे सारे त्यात वडिलांच्याच अक्षरात लिहून घ्या. पासवर्ड मात्र निराळ्या जागी कुलपात असू द्या. वडील सांगतील आणि आपण ऐकू, अशा क्रमाने ती वही भरली, तर पुढचा फोन येईल तेव्हा अर्धी उत्तरे त्यांच्याजवळच असतील.