नव्या सभासदाला आधी फोन

खरीप जवळ आला की शेतकरी उत्पादक कंपन्यांकडे नवे सभासद येऊ लागतात. भागभांडवलाची पावती फाडली की व्यवस्थापक लगेच नंबर व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकतो, स्वागत झाले! तेल्हाऱ्याचा कपाशीवाला असो की वरुडचा संत्रेवाला, त्याला दिसतात बाजारभावाचे फोटो, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि शे-दोनशे अनोळखी नंबर. ‘काऊन बा, माहा नंबर कोनं टाकला यात?’ हे तो ग्रुपवर विचारत नाही. म्यूट करतो अन् मोकळा होतो.

आमच्या मते ग्रुप सगळ्यात शेवटी. आधी फोन, तोही गावातल्याच संचालकाचा. पीक कोणते, वाचणे बरे की ऐकणे, आणि मोबाइल कोणाच्या हातात असतो, एवढे विचारले तरी पुरे. शेवटचा प्रश्न बाईमाणसाच्या बाबतीत टाळूच नये. सातबारा तिचा, शेअर तिचा, फोन मात्र मुलाच्या खिशात. स्वतःचा फोन असला तरी शंभर पुरुषांपुढे आपला नंबर उघडा पडलेला किती जणींना चालेल? त्यांच्यासाठी वेगळा ग्रुप करावा, नाहीतर बचत गटाच्या बैठकीत निरोप द्यावा.

एसएमएस साध्या फोनवरही पोचतो, पण मराठीत एका संदेशात 70 च खुणा बसतात, इंग्रजीत 160. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. ‘पेरणी’ पाच जागा खाते. त्यात तारीख, वेळ, ठिकाण एवढेच मावते. शिवाय घाऊक संदेशांचा मजकूर आधी नोंदवून घ्यावा लागतो. धारणी-चिखलदऱ्याच्या आतल्या गावांत, जिथे रेंजचाच भरवसा नाही, तिथे कोरकू बोलणारा माणूस आठवडी बाजारात उभा करा.

व्हॉइस मेसेज ओळखीला उत्तम. औषधाचे प्रमाण मात्र लेखीच द्या. 2017 च्या हंगामात शेजारच्या यवतमाळात फवारणीतून झालेल्या विषबाधा आपण विसरलेलो नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असला सल्ला ‘फक्त ॲडमिन’ ठेवलेल्या ग्रुपवर शोभतो. प्रश्न विचारायला पिकानुसार लहान ग्रुप हवेत. 1,024 जण मावतात म्हणून ते भरायचेच असे कुठे आहे?

हे फोन मे महिन्यातच उरका. मृग लागल्यावर सभासदाला बोलायला वेळ नसतो, आणि तुमच्या दारातही बियाण्याची रांग असते.