कृतीला कुलूप कशाला?



बियर म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर कारखाना येतो, परवाना येतो, दुकानाची जाळी येते. ती घरच्या पातेल्यात होते असं कुणी सांगितलं तर आपला विश्वास बसत नाही. पण होते. इंग्लंड-अमेरिकेत हौसेनं घरी बियर करणारी असंख्य माणसं आहेत. त्यांची गोष्ट आम्ही सांगतो ती कुणाला प्यायला शिकवण्यासाठी नाही. धान्य शेतकऱ्याचं, हात बाईचा आणि कृती मात्र कुलपात, हे कसं झालं ते कळावं म्हणून.

पहिलं कुलूप कायद्याचं

इंग्लंडात १८८० सालापासून घरी बियर करायला सरकारी परवाना लागत होता. १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढली. अमेरिकेत १९२० साली दारूबंदी आली, १९३३ साली उठली. कारखाने सुरू झाले, पण घरच्या बियरला मोकळीक मिळाली नाही. ती मिळायला १९७८ साल उजाडावं लागलं. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीनं कायदा बदलला. वर्षाला एका प्रौढाला १०० गॅलन, दोन प्रौढांच्या घराला २००, म्हणजे साडेसातशे लिटर. विकायची मात्र नाही. आभाळ कोसळलं का? उलट, घरी शिकलेल्यांनीच पुढे छोटे कारखाने काढले. केन ग्रॉसमन हा त्यातलाच एक. त्याची 'सिएरा नेवाडा' आज नावाजलेली कंपनी आहे.

दक्षिण आफ्रिकेची कथा तर आपल्याच धान्याची. तिथल्या काळ्या बाया पिढ्यानपिढ्या ज्वारीची बियर घरी करत. डर्बनच्या नगरपालिकेनं १९०९ सालापासून तिचा मक्ता स्वतःकडे घेतला. बाईनं केली तर गुन्हा, नगरपालिकेनं विकली तर महसूल! त्याच पैशावर काळ्या लोकांवरचा कारभार चालवला. १९५९ साली केटो मॅनर वस्तीतल्या बाया काठ्या घेऊन त्या सरकारी बियरगृहांवर चालून गेल्या. त्यांचा राग त्यांच्या हातातली कला आणि पोटाची भाकरी पळवणाऱ्यांवर होता.

दुसरं कुलूप भाषेचं

कायद्याचं कुलूप निघालं तरी दार उघडत नाही. नवखा माणूस पुस्तक उघडतो आणि वाचतो : ओजी १.०५०, एफजी १.०१०, आयबीयू ३८. तो पुस्तक मिटतो. जाणत्यांनी जाणत्यांसाठी लिहिलेलं ज्ञान हेही एक परमिटच आहे. फरक एवढाच, की ते मागायला कुठल्या कचेरीत जायचं हेही कळत नाही.

आणि या अवघड शब्दांमागे असतं काय? साधं तरंगतं काचेचं मोजमाप. नुसत्या पाण्यात ते १.००० दाखवतं. मोड आणून वाळवलेल्या जवाचा गोड काढा केला की १.०५०. काढा निववून त्यात यीस्ट घातलं, आठ-पंधरा दिवस आंबू दिलं की १.०१०. मधली साखर यीस्टनं खाल्ली, तिचा अल्कोहोल झाला, साधारण सव्वापाच टक्के. आयबीयू म्हणजे कडवटपणाचा आकडा. तो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांनी येतो. झालं! आंबील करणाऱ्या कुठल्याही बाईला यातलं काय समजणार नाही?

अमेरिकेत चार्ली पापाझिअन नावाच्या शिक्षकानं हेच ओळखलं. कायदा बदलण्याआधीपासून तो लोकांना घरी बियर करायला शिकवत होता. १९८४ साली त्याचं पुस्तक आलं. नवख्याची भीती आधी घालवायची, आकडे मागाहून, ही त्याची रीत. म्हणून ते घरोघर गेलं.

नवख्यानं सुरुवात कशानं करावी? दुकानात मिळणाऱ्या, चव ओळखीच्या असलेल्या बियरची हुबेहूब नक्कल करून. तिकडे तिला 'क्लोन' म्हणतात. काही शहाणे नाक मुरडतात, की ही नक्कल, यात कला कसली? आम्ही म्हणतो, शिकण्याचा हाच राजमार्ग. कंपनीची बाटली एका हाताला, आपली दुसऱ्या हाताला. कडू जास्त झाली की पातळ झाली, जिभेला लगेच कळतं. लेकरू भाकरी शिकतं ते आईची भाकरी पाहूनच ना?

कंपन्या म्हणतात, कृती सांगितली तर धंदा बुडेल. झाकली मूठ सव्वा लाखाची! पण स्कॉटलंडच्या 'ब्रूडॉग' कंपनीनं २०१६ साली आपल्या २१५ बियरच्या कृती, वीस लिटरच्या घरगुती मापात, फुकट वाटल्या. कंपनी त्यामुळे बुडाली नाही.

झाकल्यानं जीव जातो

दुसरा आक्षेप असा, की नवखा चुकेल, विषबाधा होईल. म्हणूनच तर सांगायचं! उकळल्यानंतर काढ्याला लागणारं प्रत्येक भांडं निर्जंतुक हवं. आकडा दोन-तीन दिवस उतरायचा थांबल्याशिवाय बाटली भरायची नाही, नाहीतर बाटली फुटते आणि काच डोळ्यात जाते. आणि ज्वारीचं एक वेगळंच आहे. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं, हे आपल्याला ठाऊक आहे. तेच विष ज्वारीच्या मोडात असतं. म्हणून दाणे वाळवल्यावर मोड आणि मुळ्या चोळून काढून टाकाव्या लागतात. ही एक ओळ लपवणारा गुन्हेगार, की सांगणारा? २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर गरीब मेले, ते दारूत मिसळलेल्या मिथेनॉलनं. चोरून चालणाऱ्या धंद्यात आत काय घातलंय हे पिणाऱ्याला कोण सांगणार?

दारूनं घरं बसतात, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. ज्या गावात बायांनी बाटली आडवी केली, तिथे ती आडवीच राहावी. आज महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बियर करणं गुन्हा आहे. तो कुणी करावा असंही आम्ही म्हणत नाही. आमचा सवाल सरकारला आहे. २००७ साली याच राज्यानं धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देऊ केलं. आमची ज्वारी कारखान्यात सडवली तर उद्योग आणि घरात आंबवली तर गुन्हा, हा कुठला न्याय?

म्हणून मागणी दोनच गोष्टींची. घरापुरती, विक्री नसलेली मोकळीक, गावातल्या बायांच्या संमतीनं. आणि धान्य आंबवण्याचं सगळं ज्ञान, धोक्यांसकट, पहिल्यांदा पातेलं चढवणाऱ्याला कळेल अशा मराठीत. पिणं न पिणं ज्याचं त्यानं ठरवावं. आमच्या दाण्याचं काय होतं, हे आम्हाला कळलंच पाहिजे.